बाही वर सरकवलेली ती बाई रोझी नव्हे

दरवर्षी ८ मार्चला सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो येतोच. पिवळं बॅकग्राउंड, निळा शर्ट, डोक्याला लाल रुमाल त्यावर पांढरे ठिपके, आणि बाही वर करून दंड दाखवणारी बाई, वर लिहिलेलं ‘वी कॅन डू इट!’. खाली कुणीतरी हौसेने लिहितं, “रोझी द रिव्हेटर, जिने दुसऱ्या महायुद्धात लाखो बायकांना घराबाहेर काढलं”. मी पण हे फॉरवर्ड केलंय, खोटं कशाला बोलू, ऑफिसच्या कार्यक्रमात तर स्लाइडवर टाकलं होतं. मग एकदा जरा वाचायला बसले आणि कळलं की ही बाई रोझी नाहीच, तिने रिव्हेट मारलेलं नाही, आणि १९४३ साली तिला बघून कुणी घराबाहेर पडणं तर शक्यच नव्हतं, कारण हे पोस्टर कारखान्याबाहेरच्यांना दिसतच नव्हतं.

रोझी वेगळीच. ती बसलेली आहे, आणि सँडविच खातेय.

आधी नाव कुठून आलं ते बघू. १९४३ च्या सुरुवातीला अमेरिकेत रेडिओवर एक गाणं गाजलं, त्यातली मुलगी म्हणजे रोझी, विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारणारी. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडायचा बिनआट्यांचा खिळा, आपल्याकडे वर्कशॉपात ज्याला रिबिट म्हणतात ते. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा, तो तेव्हा वेल्डिंगने नीट जोडता यायचा नाही, म्हणून सगळं रिबिटांवर, आणि एका बी-२४ बॉम्बरला अशी तीन लाखांच्या वर रिबिटं लागायची. हे काम जोडीने चालायचं, एकजण बाहेरून हवेवर चालणारी गन धरणार आणि दुसरी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार म्हणजे रिबिटाचं दुसरं टोक चपटं होऊन बसतं. आत म्हणजे पंखाच्या किंवा शेपटीच्या पोकळीत, जिथे अंग चोरून शिरावं लागतं, त्यामुळे बारक्या चणीच्या बायकांना तिकडे मुद्दाम पाठवायचे. कानठळ्या बसवणारा आवाज आणि दिवसभर हाताला हादरे, पोस्टरमध्ये यातलं काही नसतं.

मग २९ मे १९४३ ला ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलने काढलेली रोझी आली. ही दणकट बाई आहे, लाल केस, डेनिमचा ओव्हरऑल, गॉगल कपाळावर, मांडीवर ती भलीमोठी रिव्हेट गन, हातात सँडविच, आणि जेवणाच्या डब्यावर चक्क ‘रोझी’ असं नाव लिहिलेलं. पायाखाली हिटलरचं आत्मचरित्र, त्यावर बुटाचा तळवा आरामात टेकवलेला. खिशातून नाजूक रुमाल आणि पावडरची डबी डोकावतेय. बसायची ढब रॉकवेलने सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने काढलेल्या बायबलमधल्या यशया संदेष्ट्यावरून उचलली, आणि हे त्याने लपवलं पण नाही, डोक्यावर बारीकसं प्रभामंडळही काढून ठेवलंय. मला हे चित्र प्रचंड आवडतं कारण ती आपल्याकडे बघतच नाही, तिची मधली सुट्टी चालू आहे, तुम्ही प्रेरणा घ्या नाहीतर घेऊ नका.

तर नावाची, डब्यासकट, गनसकट रोझी ती ही.

आणि ते पिवळं पोस्टर? ते काढलं जे. हॉवर्ड मिलर नावाच्या चित्रकाराने, पिट्सबर्गला, वेस्टिंगहाउस कंपनीसाठी. खाली जी वॉर प्रॉडक्शन समिती लिहिलेली दिसते ती ऐकायला सरकारी वाटते पण ती कंपनीचीच अंतर्गत समिती होती. मिलरने अशी ४२ पोस्टरं केली, काही आठवडे एक लावायचं, मग ते काढून दुसरं. छापल्या सुमारे १,८०० प्रती, आणि त्या लागल्या वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांच्या भिंतींवर, म्हणजे बघणारे सगळे तिथे आधीच नोकरीला असलेले लोक. कॉलरवर तो जो बिल्ला दिसतो ना, ते कंपनीचं ओळखपत्र. म्हणून त्यातलं ‘वी’ म्हणजे ‘आम्ही बायका’ नाही, ‘आपण वेस्टिंगहाउसवाले’, बायका पुरुष सगळे आले त्यात. याच मालिकेतलं दुसरं एक पोस्टर सांगतं की कामाबद्दल काही शंका असेल तर सुपरवायझरला विचारा. आता हे वाचल्यावर त्या दंडाकडे बघा, जरा वेगळाच दिसायला लागतो की नाही? दांड्या कमी व्हाव्यात, संपबिंप होऊ नयेत, माल वेळेत निघावा, असल्या हेतूने मॅनेजमेंटने लावलेली ती सूचना होती, आपल्याकडे कारखान्यात ‘सुरक्षा प्रथम’च्या पाट्या असतात त्याच घराण्यातली. तिथल्या बायका विमानं बनवत नव्हत्या, सैनिकांच्या हेल्मेटच्या आत बसणारं कवच बनवत होत्या, मायकार्टा नावाच्या मटेरियलचं, असे जवळजवळ १ कोटी ३० लाख नग. म्हणजे रिबिटांचा प्रश्नच नाही. लिस्टर ओल्सन आणि जेम्स किंबल या दोन अभ्यासकांनी २००६ साली हे सगळं नीट मांडलंय.

मग गोंधळ कधी झाला? युद्धानंतर पोस्टर विसरलंच गेलं होतं. १९८२ ला वॉशिंग्टन पोस्टच्या पुरवणीत नॅशनल आर्काइव्हजमधल्या जुन्या पोस्टरांवर लेख आला, त्यात हे छापलं, आणि तेव्हा स्त्रीवादी चळवळ जोरात असल्यामुळे सगळ्यांनी उचललं, मग कॉफीचे मग, टी-शर्ट, १९९९ ला तर पोस्टाचं तिकीट. रॉकवेलच्या चित्राचे हक्क साप्ताहिकाच्या मालकांकडे होते त्यामुळे ते सहज छापता येत नव्हतं, आणि मिलरचं कुणीही छापावं. फुकट मिळणारी बाई जगभर पोचली आणि नाव मात्र दुसरीचं घेऊन गेली. (रॉकवेलचं मूळ चित्र २००२ मध्ये लिलावात ४९ लाख ६० हजार डॉलरला गेलं, आता अर्कान्सामध्ये क्रिस्टल ब्रिजेस म्युझियममध्ये आहे.)

आता खऱ्या बायकांकडे येऊ, कारण इथे अजून एक घोळ आहे. रॉकवेलसमोर बसलेली मुलगी होती मेरी डॉइल, १९ वर्षांची, व्हर्मांटमधल्या आर्लिंग्टन गावात टेलिफोन ऑपरेटर. दोन वेळा बसली, दर वेळचे ५ डॉलर मिळाले. अंगाने सडपातळ होती, रॉकवेलने तिला पैलवान करून टाकलं, आणि पुढे १९६७ मध्ये पत्र लिहून त्याबद्दल माफी मागितली. पिवळ्या पोस्टरमधली बाई म्हणून अनेक वर्षं जेराल्डीन हॉफ डॉइल यांचं नाव घेतलं जायचं. ही पण डॉइल! दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, पण गुगल करणाऱ्याचं डोकं फिरायला एवढं पुरे. जेराल्डीन यांनी १९८० च्या दशकात एका मासिकात एका कामगार मुलीचा जुना फोटो बघितला, त्यांना वाटलं ही मीच, पुढे पिवळं पोस्टर त्याच फोटोवरून काढलंय असंही वाटलं, आणि खोटं बोलायचा हेतू नव्हता हो, त्यांनी १९४२ मध्ये मिशिगनमधल्या एका धातूच्या कारखान्यात खरंच काम केलं होतं, फक्त दोनेक आठवडे, कारण त्या चेलो वाजवायच्या आणि मशीनमध्ये हात जाईल या भीतीने सोडून दिलं.

किंबलने तो फोटो शोधत शोधत मूळ प्रत मिळवली, मागे मजकूर चिकटवलेला होता, तारीख मार्च १९४२, जागा कॅलिफोर्नियातला अॅलमिडा नौदल विमानतळ, आणि नाव नेओमी पार्कर. ठिपक्यांचा रुमाल बांधून लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, वाकलेली. परत एकदा, रिव्हेट नाही, लेथ. नेओमीबाईंना २०११ मध्ये एका स्नेहसंमेलनात आपलाच फोटो भिंतीवर दिसला होता आणि खाली नाव दुसरीचं, त्यांनी कळवलं पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही, किंबलचा लेख २०१६ मध्ये आल्यावर जग मानायला लागलं, आणि २०१८ च्या जानेवारीत ९६ व्या वर्षी त्या गेल्या. मिलरने हाच फोटो समोर ठेवून पोस्टर काढलं याचा लेखी पुरावा नाही, एवढंच की तो फोटो जुलै १९४२ मध्ये पिट्सबर्गच्या पेपरात छापून आला होता आणि मिलर पिट्सबर्गचाच.

खरी रिव्हेट मारणारी रोज हवी असेल तर रोज विल मन्रो. केंटकीची, नवरा गेलेला, पदरात मुलं, ती मिशिगनला विलो रनच्या फोर्डच्या कारखान्यात लागली, तोच कारखाना जिथून १९४४ मध्ये तासाला एक बी-२४ बाहेर पडायचं. युद्धरोख्यांच्या प्रचाराच्या फिल्ममध्येही ती दिसली. युद्ध संपल्यावर तिने टॅक्सी चालवली, मग ब्यूटी पार्लर, मग स्वतःची घरं बांधायची कंपनी काढली आणि पन्नाशीत विमान चालवायचं लायसन्स घेतलं. मला तरी दोन्ही चित्रांपेक्षा ही जास्त भारी वाटते.

आणि या बाईमुळे तिसरी गल्लत पण सुटते, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ‘गृहिणी कामाला लागल्या’ आणि ‘काम करणाऱ्या बायकांनी काम बदललं’ यातली. आकडा सांगतात की १९४० मध्ये अमेरिकेत साधारण १ कोटी २० लाख बायका नोकरी करत होत्या आणि १९४५ पर्यंत १ कोटी ९० लाखांच्या आसपास झाल्या. नीट बघा, १ कोटी २० लाख आधीच कामावर होत्याच की! कुणी धुलाई कारखान्यात, कुणी हॉटेलात, कुणी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी. युद्धाने त्यांना चांगल्या पगाराची नोकरी दाखवली आणि त्या तिकडे गेल्या. कृष्णवर्णीय बायकांमध्ये तर हे ठळक दिसतं, १९४० मध्ये नोकरी करणाऱ्यांपैकी जवळजवळ ६० टक्के घरकामाला होत्या, चार वर्षांत ते प्रमाण ४५ वर आलं. त्यांना कुणी पोस्टर लावून स्वयंपाकघरातून बाहेर काढायची गरज नव्हती, त्या दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात होत्या. दोन्ही चित्रांत त्या नाहीत, हेही बघून ठेवा.

पगार चांगला म्हणजे पुरुषांइतका असं समजू नका. १९४४ मध्ये कारखान्यातल्या कुशल बाईला आठवड्याला सरासरी ३१ डॉलर आणि पुरुषाला ५४-५५. युद्ध संपायच्या सुमारास सरकारच्याच विमेन्स ब्युरोने विचारलं तर ७५ टक्के बायकांना काम चालू ठेवायचं होतं. पण युद्धाच्या ऑर्डरी बंद, परतणाऱ्या सैनिकांना जुनी जागा द्यायचा कायदा, आणि ‘लास्ट इन, फर्स्ट आउट’, म्हणजे शेवटी आलेल्याला आधी काढायचं, आणि सगळ्यात शेवटी आलेल्या कोण तर बायका. बऱ्याचजणी घरी बसल्या नाहीत, परत कमी पगाराच्या कामाला गेल्या. नेओमी पार्करसुद्धा नंतर वेट्रेस होत्या. पाळणाघरांना सरकारी पैसा मिळत होता तोही १९४६ ला आटला.

आपल्याकडे याच वर्षांत काय चाललं होतं? आपली रोझी कोण असं विचारलं तर मला कोळसा खाणीतल्या बायका आठवतात. जमिनीखाली बायकांना कामाला लावायला १९३७ पासून पूर्ण बंदी होती, ती १९४३ मध्ये युद्धापायी उठवली गेली, कारण लष्करी बांधकामांवर मजुरी जास्त म्हणून खाणीतले मजूर तिकडे गेले आणि कोळसा कमी पडायला लागला. बंगाल, बिहार आणि आपला मध्य प्रांत, म्हणजे ज्यात चांदा, बल्लारपूर येतं तो. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीत यावरून जोरदार टीका झाली, त्यांनी हा आणीबाणीचा तात्पुरता उपाय असल्याचं सांगितलं आणि पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट घातल्याचंही. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत लागू झाली. इथे कुणाला ‘यू कॅन डू इट’ म्हणावं लागलं नाही, आधीच्या पिढीने खाली काम केलेलंच होतं, फक्त दार उघडलं आणि लावलं.

बरं, पुढच्या ८ मार्चला ग्रुपवर फोटो आला की भांडू नका, फक्त झूम करून डाव्या कोपऱ्यात खाली बघा. बारीक अक्षरात लिहिलंय, १५ ते २८ फेब्रुवारी लावणे. म्हणजे १९४३ चा महिला दिन यायच्या आठ दिवस आधीच पोस्टर भिंतीवरून उतरायचं होतं.