गोदामाला कोपरे किती असावेत?

गोदाम म्हटलं की छतापर्यंत रचलेल्या गोण्या नि खोकी डोळ्यांपुढे येतात. पण काही गोदामांत माल ठेवायला फळीसुद्धा नसते. एका दाराला लागलेल्या ट्रकमधून खोकं उतरतं, फोर्कलिफ्टवर बसून पलीकडच्या दाराशी जातं आणि काही तासांत दुसऱ्या ट्रकने पुढच्या गावाला निघतं. याला क्रॉस-डॉकिंग म्हणतात. मुंबईचे डबेवाले स्टेशनावर डबे उतरवतात, खुणा पाहून वेगळे करतात आणि लगेच उचलतात, तेही हेच. फक्त त्यांना इमारत लागत नाही.

यातून किती जागा वाचते? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे: तासाला येणारा माल गुणिले त्याचा मुक्काम, म्हणजे सरासरी आत असलेला माल. तासाला १,००० खोकी येऊन दोन तास थांबली, तर आत २,००० असतील. पाच दिवस थांबली, तर १,२०,०००!

साठवण गेली, तरी वाहून नेणं उरतंच. आणि ते किती, हे इमारतीच्या आकारावर ठरतं. हा भाग मला फार सुंदर वाटतो. लांबट, आगगाडीच्या डब्यासारख्या इमारतीला दोन्ही बाजूंनी मिळून आठ दारं वाढवली, तर ती चार दारांनी लांबते. फुलीच्या आकाराच्या इमारतीत तीच आठ दारं चार हातांवर वाटली जातात आणि टोकापासून टोकापर्यंतचं अंतर दोनच दारांनी वाढतं.

मग सगळ्या फुल्याच का बांधत नाहीत? कोपऱ्यांमुळे. आतल्या कोपऱ्यात काटकोनात लागलेले ट्रक एकमेकांना आडवे येतात, म्हणून तिथली दारं सोडावी लागतात. बाहेरच्या कोपऱ्यात दोन भिंतींवरच्या दारांना एकच फरशी वाटून घ्यावी लागते. लांबट इमारतीला चार कोपरे, फुलीला बारा. जॉन बार्थोल्डी आणि केव्हिन ग्यू या अमेरिकी संशोधकांनी २००४ मध्ये हिशेब मांडला: साधारण १५० दारांपर्यंत लांबट आकार बरा, २०० च्या पुढे फुली. मधल्या आकड्यांना इंग्रजी टी अक्षराचा आकार सोयीचा.

इमारत आधीच उभी असेल, तर कुठला ट्रक कुठल्या दाराला लावायचा एवढंच हाती राहतं. जास्त मालाचे ट्रक मध्यभागी लावले की अंतर घटतं. पण सगळेच तिथे लावले, तर फोर्कलिफ्ट एकमेकींची वाट अडवून उभ्या राहतात.