सराउंड आणि सराउंड बॅक : बाजूचे कोणते, मागचे कोणते

सहकारनगरच्या एका काकांनी गेल्या महिन्यात बोलावलं होतं. नवा फ्लॅट, दहा फूट रुंदीचा लांबट हॉल. पुढच्या अर्ध्यात टीव्ही आणि सोफा, मागच्या अर्ध्यात डायनिंग टेबल. ५.१ चा होम थिएटर सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, नुकताच घेतलेला. काका म्हणाले, "अरे, सिनेमात पाऊस लागला की तो माझ्याभोवती पडायला हवा ना? इथे तो डायनिंग टेबलावर पडतोय."

इतकं नेमकं वर्णन मी क्वचितच ऐकलं असेल. फर्निचर यायच्या आधीच इलेक्ट्रिशियनने वायरी डायनिंगच्या दोन कोपऱ्यांत काढून ठेवल्या होत्या. कारण? "सराउंड म्हणजे मागचे स्पीकर." हे वाक्य पुण्यातल्या किमान निम्म्या घरांत मी ऐकलंय, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

स्पीकरच्या दोन वेगळ्या जोड्या असतात. ५.१ मध्ये पुढचे तीन, एक सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) आणि दोन 'सराउंड'. हे दोन सराउंड बाजूचे असतात, कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे. ७.१ मध्ये आणखी दोन येतात, ते 'सराउंड बॅक'. खरे मागचे ते. ज्याच्याकडे ५.१ आहे त्याच्याकडे मागचे स्पीकर नसतातच. असतात ते बाजूचे. काही सेटच्या खोक्यांवर या बाजूच्या जोडीलाच 'रिअर' छापतात, मग घेणाऱ्याने तरी काय करावं?

जागा लक्षात ठेवायला घड्याळ बरं पडतं. तुम्ही तबकडीच्या मध्यावर बसलात, टीव्ही बारावर. पुढचे डावे-उजवे स्पीकर अकरावर आणि एकवर, म्हणजे दोन्हीकडे ३० अंश. सराउंड उजवीकडे तीन ते पावणेचार, डावीकडे नऊ ते सव्वाआठ. सिनेमाच्या आवाजाचं तंत्रज्ञान बनवणारी डॉल्बी कंपनी यासाठी ९० ते ११० अंश सांगते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस १०० ते १२० ची आहे. सराउंड बॅक मात्र १३५ ते १५० अंशांवर, म्हणजे उजवीकडे साडेचार ते पाच आणि डावीकडे सात ते साडेसात.

काकांकडे सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्यापासून मागची भिंत दहा फुटांवर. कोपरे बाजूला पाच-पाच फूट. हिशोब केला तर ते स्पीकर १५० अंशांच्याही थोडे पलीकडे गेले होते. पुढचा स्पीकर एकवर आणि त्यानंतरचा थेट पाचच्या पुढे. मधला सगळा पट्टा रिकामा. दोन पुढच्या स्पीकरच्या मधोमध जसा आवाज उभा राहिल्याचा भास होतो, तसा भास बाजूला नीट होत नाही. तिथे खरोखरचा स्पीकरच लागतो.

हे काकांना पटावं म्हणून किल्ल्यांचा जुडगा घेतला. त्यांना डोळे मिटून, मान न हलवता बसायला सांगितलं आणि मी भोवती फिरत जुडगा वाजवला. डावं-उजवं त्यांनी एकदाही चुकवलं नाही. बरोबर पाठीमागे, मधोमध वाजवला तेव्हा मात्र म्हणाले, "समोर?" यात त्यांच्या कानांचा दोष नाही. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे आपण दोन्ही कानांत पोचण्याच्या वेळेतल्या आणि जोरातल्या फरकावरून ओळखतो. ठीक समोर आणि ठीक मागे हा फरक सारखाच, जवळपास शून्य. मग उरते कानाच्या पाळीने आवाजात केलेली बारीक वळणं, आणि एरवी आपण नकळत मान हलवून खात्री करून घेतो. म्हणूनच वेढून टाकणारा परिणाम मुख्यतः बाजूच्या जोडीतून येतो. पाऊस, गर्दी, सभागृहाचा घुमार हे सगळं बाजूचं काम. मागची जोडी लागते ती एखादी गोष्ट मागून येऊन डोक्यावरून पुढे जाते तेव्हा.

आता ज्यांचा सोफा भिंतीला चिकटलेला आहे त्यांचं बघू. टू-बीएचकेमध्ये बहुतेकांचा असतोच. त्यांच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत लावलेले स्पीकर बरोबर आहेत! डोकं भिंतीपासून सव्वा फूट पुढे आणि कोपरा पाच फूट बाजूला, म्हणजे कोन साधारण १०४ अंश. मस्त. तोच सोफा पाच फूट पुढे ओढला की तेच कोपरे साधारण १४१ अंशांवर जातात आणि तेच स्पीकर सराउंड बॅक होतात. स्पीकर जागचा हलला नाही, पण बसणारा हलला आणि नाव बदललं. म्हणून मी कोणाकडेही गेलो की आधी कान कुठे असणार ते विचारतो, भिंतींची मापं नंतर. भिंतीलगतच्या सोफ्यामागे ७.१ ची मागची जोडी बसवायला अंतरच उरत नाही, तिथे माझ्या मते ५.१ च ठेवावं. सोफ्यामागे चार-पाच फूट मोकळे असतील तरच ७.१ चा विचार करावा.

मागचे वेगळे ही कल्पना तशी नंतरची. थिएटरमधल्या सुरुवातीच्या डॉल्बी स्टिरिओत सराउंडचा एकच चॅनेल होता आणि तो बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरच्या सगळ्या स्पीकरांतून एकत्र वाजायचा. डॉल्बी डिजिटलमध्ये, १९९२ मध्ये, तो डावा-उजवा झाला. मागच्या भिंतीला स्वतःचा आवाज मिळाला तो १९९९ मध्ये. पुढच्या वेळी मल्टिप्लेक्समध्ये गेलात तर बाजूच्या भिंतींवर किती स्पीकर रांगेत आहेत ते जरूर मोजा.

रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या खोक्याच्या, पाठीवर या दोन जोड्यांचे टर्मिनल शेजारी-शेजारी असतात आणि लेबलात फरक फक्त 'बॅक' या शब्दाचा. ५.१ असेल तर वायर 'सराउंड'ला जोडायची. ७.१ चा सिनेमा ५.१ वर लावला तर मागचा आवाज हरवत नाही, रिसीव्हर तो बाजूच्या जोडीत मिसळतो. माइक लावून ऑटो सेटिंग केलं की अंतराचा आणि आवाजाच्या पातळीचा हिशोब तो स्वतः करतो. आवाजाला एक फूट जायला सुमारे एक मिलिसेकंद लागते, तेवढा उशीर जवळच्या स्पीकरला देतो. दिशा मात्र तो बदलू शकत नाही. काकांनी ऑटो सेटिंग तीनदा केलं होतं.

उंचीचं थोडक्यात : बाजूचे स्पीकर बसलेल्याच्या कानाच्या एक-दोन फूट वर. अरुंद हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या अगदी कानाशी स्पीकर येतो, त्याला ही उंची वाचवते. छताला टेकवून मात्र लावू नका.

तपकीर गल्लीतून १६ गेजची वायर आणली, स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत घातली आणि दोन्ही सराउंड सोफ्याच्या दोन बाजूंना, जेमतेम वीतभर मागे, भिंतीवर ब्रॅकेटवर घेतले. पुन्हा तोच पावसाचा प्रसंग लावला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि सरळ बाल्कनीचं दार लावायला गेल्या. डायनिंगच्या कोपऱ्यांतल्या वायरी तशाच ठेवल्यात. पुढेमागे ७.१ करायचं झालं तर त्या कामाला येतील. मागची जोडी तिथे चालेल, फक्त स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे, बाजूच्या भिंतीवर घ्यावे लागतील.