वंगण तेल : बैलगाडीच्या आखापासून डिझेलच्या नोझलपर्यंत

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत कुणी 'अडुसष्ट नंबर' मागितलं की स्टोअरमधून हायड्रॉलिक ऑईल येतं. तो आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये मोजलेला तेलाचा दाटपणा. कुठल्या मशीनला कुठलं ऑईल, हे इथल्या फिटरला तोंडपाठ असतं. पण तेल धातूला नेमकं वाचवतं कसं, हे कळायला १८८३ साल उजाडावं लागलं.

वापर त्याच्या कितीतरी आधीचा. बैलगाडीच्या आखाला वंगण घालायला एरंडेल उत्तम, कारण ते दाट असतं आणि धातूला घट्ट धरून राहतं. पहिल्या महायुद्धात विमानांच्या रोटरी इंजिनांनाही एरंडेलच लागे. कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला ड्रेक यांच्या विहिरीतून खनिज तेल निघालं आणि चरबी, व्हेलचं तेल हळूहळू मागे पडलं.

खरा कस लागला तो रेल्वेत. १८६५ मध्ये थळ घाटाचा ३७ फुटांना एक फूट असा चढ चढून गाडी इगतपुरीला आली. अशा गाड्यांच्या डब्यांचा सगळा भार धातूच्या साध्या बेअरिंगवर असे. तेल कमी पडलं की आख तापलाच. ही डोकेदुखी जगभरच्या रेल्वेची होती. इंग्लंडमध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने ब्यूचॅम्प टॉवर यांना घर्षणाचे प्रयोग करायला सांगितले. त्यांच्या १८८३ च्या प्रयोगातल्या बेअरिंगला वरून तेल सोडायला भोक पाडलेलं होतं. आख खाली तेलात बुडवून फिरवला, तर त्याच भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी मारली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. भाराचा सरासरी दाब होता १०० पौंड!

१८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरणारा आख तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर आख उचलला जातो. धातूला धातू लागतच नाही. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं, तेही काहीसं असंच. म्हणून तेल फार पातळ असेल तर मधला तेलाचा पापुद्रा फाटतो, फार दाट असेल तर ताकद फुकट जाते. इंजिन सुरू होताना हा पापुद्रा नसतोच. त्या काही क्षणांसाठी तेलात जस्त-फॉस्फरसचं रसायन मिसळतात, ते धातूवर स्वतःचा थर धरतं.

तेल उष्णता वाहून नेतं, काजळीही पोटात घेतं. डिझेल गाडीचं नवं ऑईल लवकर काळं पडलं म्हणून घाबरू नये, ते आपलं काम करतंय.

नाशिककरांच्या जवळची गोष्ट नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागाची. नोझल बनवणाऱ्या मायको कारखान्यामुळे हा शब्द इथे घरोघरी पोचला. नोझलच्या सुईभोवतीची फट काही मायक्रॉनची. तिथे इंजिन ऑईल जात नाही, डिझेलच वंगणाचं काम करतं. बीएस-६ या वाहनांच्या धुराच्या मानकासाठी एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही निघून जातो, म्हणून रिफायनरीत वेगळं रसायन घालावं लागतं. ते पुरेसं आहे का, हे बघायला डिझेलमध्ये बुडवलेल्या चकतीवर पोलादी गोळी घासतात. गोळीवरची झीज ४६० मायक्रॉनच्या आत राहिली, तरच डिझेल पास.