गुळाचा चहा मधुमेहाला चालतो का?

'साखर विष, गूळ नैसर्गिक. मधुमेहींनी बिनधास्त गुळाचा चहा घ्यावा.' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण आपल्याकडे गूळ औषधासारखाच दिला जातो. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात तो असतो, उन्हातून आलेल्याच्या हातावरही गुळाचा खडा ठेवतात.

पण गूळ येतो कुठून? गुऱ्हाळात काहिलीत आटवलेल्या उसाच्या रसातून. साखरही त्याच रसाची. कारखान्यात साखरेचे दाणे मळीपासून वेगळे काढतात, गुळात मळीचा अंश राहतो. म्हणून तो तांबूस दिसतो आणि त्यात थोडं लोह, थोडं पोटॅशियम सापडतं. बाकी बहुतेक सगळी साखरच. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य. त्यासाठी हळीव, पालेभाजी, कडधान्यं बरी. (चवीसाठी गूळ आवडत असेल तर तो वेगळा मुद्दा, आणि रास्त.)

पडताळणी घरीच होते. गूळ पावडरचं पाकीट उलटं करा आणि 'एकूण साखर' ही ओळ वाचा. घरात ग्लुकोमीटर असेल तर चहाआधी आणि नंतर तासाभराने आकडा बघा. आहारतज्ज्ञाला विचारताना 'गूळ चालेल का?' एवढ्यावर थांबू नका, 'दिवसभरात एकूण गोड किती?' असं विचारा. मेसेजमध्ये नेमकं हे प्रमाणच नसतं.