एप्रन कुठे कामाचा, अंतर कुठे कामाचं

आयसीयूत पोर्टेबल एक्स-रे मशीन येतं, टेक्निशियन ‘एक्स-रे!’ म्हणून हाक देतो आणि बघता बघता सगळे दाराबाहेर. व्हेंटिलेटरवरचा पेशंट तेवढा मागे उरतो. त्याच हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, एखादी सिस्टर तासन्‌तास सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या आसपास वावरते, तेव्हा गळ्याला किरणांपासून वाचवणारी थायरॉइड कॉलर खुंटीवर असते आणि अंगाला मिळालेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लॉकरमध्ये. जिथे धोका नगण्य तिथे पळापळ आणि जिथे तो रोज थोडाथोडा साठत जातो तिथे निर्धास्तपणा, हे चित्र मला फार अस्वस्थ करतं. दोष सिस्टरांचा नाही. किरण नेमके कुठून येतात हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं.

छातीच्या एक्स-रेला किरण बाहेर पडतात ते सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरते. शेजारी उभ्या माणसापर्यंत पोचतात ते पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले किरण, आणि एक मीटरवर त्यांची तीव्रता मूळ झोताच्या साधारण हजारावा भाग असते. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, तिप्पट केलं की नवव्या हिश्श्यावर. म्हणजे मशीनच्या तोंडासमोरून बाजूला होऊन दोन मीटर मागे सरकलं तरी पुरे; तिथून मॉनिटरवर नजर ठेवता येते. तिथे मिळणारा डोस आपल्याला जमिनीतून, हवेतून आणि अवकाशातून दिवसभरात आपसूक मिळतो त्यापेक्षाही खूप कमी असतो. बटण सुटलं की किरण संपले. चादरीत, हवेत, पेशंटच्या अंगात काहीही शिल्लक राहत नाही.

कॅथ लॅबची गोष्ट वेगळी. तिथे फ्लुरोस्कोपी, म्हणजे एक्स-रेचं सलग चालतं चित्रण, मिनिटामागून मिनिटं चालते आणि दिवसात केसेसही अनेक. अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण देणारा एप्रन विखुरलेले किरण ९० टक्क्यांहून अधिक अडवतो, पण तो फक्त पुढूनच झाकणारा असेल आणि सिस्टर ट्रॉलीकडे वळून औषध भरत असेल, तर तिची पाठ उघडी पडते. पेशंटजवळ जाऊन इंजेक्शन द्यायचं असेल तर ‘सर, दोन सेकंद फ्लुरो थांबवा’ असं खणखणीत सांगावं. तो तिचा हक्क आहे. एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या शिशाच्या थराला भेगा जातात. बाहेरून काही दिसत नाही, किरण मात्र आत येतात. म्हणून तो हँगरवरच लावायचा.

याच एप्रनवर आयोडीन वॉर्डात, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या पेशंटच्या वॉर्डात, भिस्त ठेवली तर फसगत होते. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या पेशंटच्या अंगातून निघणारे गॅमा किरण इतके जोरकस असतात, की अर्धा मिलिमीटर शिसं त्यातला थोडासाच भाग रोखतं. इथे पेशंट स्वतःच किरणांचा स्रोत असतो. लघवी, घाम, लाळ यांतूनही आयोडीन बाहेर पडतं. म्हणून औषध देण्याआधीच त्याला सगळं समजावून ठेवायचं: पाणी भरपूर प्या, फ्लश दोनदा करा, जेवणाची ताटली इथेच टाका. नंतरची विचारपूस दारातून किंवा फोनवर. ग्लोव्हज मात्र घालायलाच हवेत. पेशंटला जवळ जाऊन सांभाळायची वेळ आलीच, तर जावंच. मिनिटं कमी ठेवावीत आणि दोघी-तिघींनी आळीपाळीने जावं.

यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून टीएलडी बॅज. त्यातल्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून डोस मोजतात. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. काढलेल्या एप्रनवर तो एक्स-रे रूममध्येच लटकत राहिला, तर सिस्टरला न मिळालेला डोस तिच्या नावावर चढतो. लॉकरमध्ये राहिला तर मिळालेलाही नोंदला जात नाही. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३०. बॅज अंगावरच नसेल तर या आकड्यांशी ताडून बघायचं काय?

गरोदर सिस्टरसाठी नियम आणखी कडक आहे. गर्भारपण कळल्यानंतर उरलेल्या महिन्यांत बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. त्यामुळे घरी सांगायच्या आधीसुद्धा हॉस्पिटलच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला सांगावं, आणि त्यांनी त्याच आठवड्यात तिची ड्यूटी बदलून द्यावी.