खोट्या फोटोचा ठसा

‘ते ॲप कपड्यांच्या आतलं दाखवतं म्हणे!’ चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही हे वाक्य ऐकलंय. असं दाखवणारं ॲप नाही आणि असू शकत नाही. साध्या फोटोत कपड्यावरून परतलेला प्रकाश नोंदला जातो. जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठला संगणक वाचणार?

मग स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावात सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं? वीसहून अधिक मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे फोटो घेऊन एआयने नग्न चित्रं बनवली गेली आणि मोबाइलवर फिरली. पुढच्या वर्षी न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना दोषी ठरवलं. त्या चित्रांत चेहरा मुलीचा होता, शरीर तिचं नव्हतं. असंख्य परक्या चित्रांवरून शिकलेला अंदाज तिथे भरलेला होता. हे त्या मुलीला सगळ्यांत आधी सांगायला हवं. तिचं काहीही उघडं पडलेलं नाही. गुन्हा मात्र शंभर टक्के खरा आहे.

अशी चित्रं रोखायची कशी? इथे माझा आवडता विषय येतो, चित्राचा ठसा म्हणजे हॅश, चित्रावरून गणिताने काढलेला आकडा. नेहमीचा हॅश फार हळवा असतो: एका पिक्सेलचा रंग किंचित बदलला की सगळा आकडाच बदलतो. म्हणून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजच्या हॅनी फरीद यांच्याबरोबर फोटोडीएनए ही वेगळी पद्धत बनवली. ती चित्र कृष्णधवल करते, ठरावीक मापात आणते, त्याचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात उजेड-अंधाराचा चढउतार किती तीव्र आहे ते मोजते. एका चौकोनात काळे केस आणि त्यांना लागून उजळ कपाळ आलं, तर आकडा मोठा. शेजारच्या चौकोनात नुसती भिंत असेल, तर आकडा शून्याजवळ. हे सगळे आकडे ओळीने मांडले की ठसा तयार. फोटो लहान करा, उजळ करा, फॉरवर्ड होऊन होऊन तो धुरकट होऊ द्या. केसांची कड जागेवरच राहते, आकडे थोडेसेच हलतात. दोन ठशांमधलं अंतर ठरलेल्या मर्यादेत असलं की चित्र तेच.

पण ठसा जुळायला तो आधी रोखायच्या चित्रांच्या ठशांच्या यादीत असावा लागतो. चित्रं बनवणाऱ्या बहुतेक एआय प्रणाली यादृच्छिक ठिपक्यांपासून सुरुवात करतात. ठिपके बदलले की चित्र बदलतं. नवं चित्र कुठल्याच यादीत नसतं, त्यामुळे पहिली प्रत निसटते.

‘डीपफेक (एआयने बनवलेलं खोटं चित्र) हमखास ओळखतो’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. एआय बोटांची संख्या चुकवायचं, ती मोजून खोटेपणा पकडण्याचे दिवस मागे पडले, आणि खोटं ठरलं म्हणून चित्राचं फिरणं थांबतही नाही.

दुसरी प्रत मात्र अडवता येते. अमेरिकेतल्या, बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या अशा चित्रांसाठी आहे. त्यात एआयने बनवलेली चित्रंही आली. ठसा आपल्याच फोनवर निघतो. चित्र फोनबाहेर जात नाही, नावही द्यावं लागत नाही. फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. एन्क्रिप्टेड, म्हणजे ज्यातला मजकूर कंपनीलाही दिसत नाही अशा चॅटमध्ये हा उपाय चालत नाही, ही त्याची मोठी उणीव.

घरात असं काही कळलं की पहिला हात डिलीटवर जातो. पण ठसा काढायला ते चित्र हाताशी लागतं. तेव्हा आधी ठसा आणि तक्रार, मग डिलीट. आणि ‘हे बघा काय झालंय’ म्हणून ते नातेवाइकांना पाठवायचं नाही, पुरावा म्हणूनसुद्धा नाही.