जळगावात फोन आला तो आधी बाजारभावासाठी

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं मार्च १८७६ ला, आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता, मद्रासला एक्स्चेंज सुरू पण झाले. आपल्या खान्देशात मात्र धंद्याचा जीव बराच काळ तारेवरच होता. रेल्वे भुसावळहून जायची, रुळाच्या बाजूने तारा, आणि कापसाचा भाव मुंबईहून तारेने यायचा. ज्याच्या हातात तार आधी पडली तो त्या दिवसाचा राजा.

फोन आले तेही आधी पेढ्यांवर, अडत्यांकडे, सराफांकडे, डॉक्टर-वकिलांकडे. घरात फोन म्हणजे श्रीमंतीच भो. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा आणि बसा वाट बघत, घाई असेल तर अर्जंट, त्याला दुप्पट पैसे, त्याच्याही वर लाइटनिंग. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला जायची, तिथला भाव कळायला दुपार व्हायची, तोवर शेतकऱ्याने व्यापारी सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा इलाज काय होता?

देशात थेट डायल करायची एसटीडी लाइन १९६० ला कानपूर-लखनौ मध्ये सुरू झाली, पण साध्या माणसाला तिचा उपयोग व्हायला जवळपास तीस वर्षं गेली. १९८४ ला सी-डॉट हे सरकारी टेलिफोन संशोधन केंद्र निघालं, सॅम पित्रोदांच्या टीमने धूळ आणि उकाड्यात एसीशिवाय चालतील असे छोटे एक्स्चेंज बनवले (खान्देशच्या मे महिन्यात हे किती कामाचं ते सांगायला नको), आणि मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचे बूथ.

माझ्या मते जळगाव खरं बदललं ते या बूथमुळे, घरच्या फोनमुळे नाही. काचेची केबिन, आत घामाने चिकट झालेला रिसीव्हर, समोर लाल आकडे भराभर पळणारा मीटर, आणि बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करतोय. रात्री उशिरा रेट पाव व्हायचा म्हणून गर्दी तेव्हाच, सुरतेला मिलमध्ये असलेल्या पोराशी बोलायला आई-बाप जेवणं आटपून यायचे. लग्नपत्रिकेत शेजाऱ्याचा नंबर "पी.पी." लिहून सर्रास छापायचे, आणि शेजारी पण बिचारा दोन घरं पलीकडे हाका मारत जायचा.

मोबाइल देशात ३१ जुलै १९९५ ला आला, पण तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये फ्री झालं आणि दोन-चार वर्षांत बूथवाल्यांनी केबिन काढून झेरॉक्स आणि रिचार्ज सुरू केलं. त्याच सुमारास लँडलाइनच्या नंबरांपुढे २ लागला, बाजारातल्या जुन्या पाट्यांवर तो नंतर वेगळ्या रंगात घुसवलेला दिसायचा. केळीचा भाव आता सकाळीच व्हॉट्सॲपवर पडतो, व्यापारी बांधावर यायच्या आधी शेतकऱ्याला बऱ्हाणपूरचा रेट माहीत असतो, भांडण मात्र अजून क्विंटलमागे कटती (वजनातली कपात) किती यावरच होतं.